आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम: शाखा आधी ठरवा, विद्यापीठ नंतर

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या एलएलएमबद्दल विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा विद्यापीठाच्या नावाचा असतो. लायडन चांगलं की एलएसई? जिनिव्हाला खर्च किती? आपले मार्क केंब्रिजला चालतील का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. आंतरराष्ट्रीय कायदा या एका पाटीखाली गुंतवणूक लवाद, सागरी कायदा, युद्धकाळातला मानवतावादी कायदा, निर्वासितांचे हक्क, जागतिक व्यापार, अवकाश कायदा अशी कितीतरी वेगवेगळी दुकानं चालतात. एका दुकानातला माणूस दुसऱ्यात सहज जात नाही. लवादासाठी नावाजलेलं विद्यापीठ निर्वासितांच्या कायद्यात अगदी सामान्य असू शकतं. शाखा न ठरवता यादी करायला बसलात तर क्रमवारीतली पहिली दहा नावं तेवढी हाती लागतात, आणि पन्नास लाखांचं कर्ज काढायला एवढं कारण पुरत नाही.

म्हणून या लेखात विद्यापीठं तिसऱ्या पायरीवर येतील.

पहिली पायरी: आपल्याच मातीतली चार प्रकरणं मुळातून वाचा

अर्ज भरायच्या आधी एक महिना वाचनाला द्या. गाईड नको, नोट्स नकोत, निकालपत्रं हवीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल, दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं आणि तोंडी युक्तिवादाची शब्दशः नोंद फुकट मिळते. महाराष्ट्र-गोव्याशी थेट नातं असलेली चार प्रकरणं मी मुद्दाम निवडली आहेत, कारण प्रत्येकातून एक वेगळी शाखा फुटते.

पहिलं सावरकरांचं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात मोरिया बोटीतून त्यांनी उडी मारली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पुढे काय झालं ते वकिलांनाही फारसं ठाऊक नसतं. फ्रेंच भूमीवर पकडलेला माणूस फ्रेंच शिपायाने ब्रिटिशांच्या हवाली केला, तो परत करावा लागेल का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेले. पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला: अटकेत अनियमितता झाली असली तरी फ्रेंच शिपायाच्या चुकीपोटी कैदी परत करायला लावणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. निवाडा जेमतेम काही पानांचा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या लवादनिवाडा संग्रहाच्या ११व्या खंडात सापडतो. प्रत्यार्पण, प्रादेशिक सार्वभौमत्व, परक्या देशातून उचलून आणलेल्या आरोपीवर खटला चालवता येतो का, हे सगळे प्रश्न इथे एका ठिकाणी भेटतात. हे वाचून डोकं चालू लागलं तर आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा किंवा मूलभूत सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा ही तुमची दिशा असू शकते.

दुसरं दादरा-नगर हवेलीचं. १९५४ मध्ये हे प्रदेश मुक्त झाले. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्तीची अधिकारिता (खटला ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार) स्वीकारली आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. दमणहून या प्रदेशांत जायला भारतातून वाट मिळण्याचा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड उभे राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला या खटल्यापुरते तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले. १२ एप्रिल १९६०चा निकाल दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतो. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांसाठी नाही. भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, असंही न्यायालयाने ठरवलं. फक्त दोन देशांमध्ये प्रथा तयार होऊ शकते का, या प्रश्नावर जगभरच्या वर्गांत हाच निकाल शिकवतात. लांब आहे, कंटाळवाणे भागही आहेत. ते भागही वाचा, कारण हेगमधल्या वकिलाचं रोजचं काम त्या भागांसारखंच असतं.

तिसरं दाभोळ. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉन प्रकल्पाचं राजकारण आपण खूप ऐकलं, पण त्यातला कायदा कमी ऐकला. प्रकल्प २००१ मध्ये बंद पडल्यावर गुंतवणूकदारांनी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनी भारत-मॉरिशससारख्या द्विपक्षीय गुंतवणूक करारांचा आधार घेऊन भारताला लवादात खेचलं. अमेरिकन पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांतून आला होता, म्हणून मॉरिशसचा करार. पुढे तडजोडी झाल्या आणि २००५ मध्ये प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने अशाच प्रकारच्या लवादात भारताला हरवलं. त्यानंतर भारताने २०१६चा नवा नमुना करार आणला आणि बरेच जुने करार मोडीत काढले. पैसा कोणत्या देशातून फिरवून आणला की कोणतं संरक्षण मिळतं, या गणितात रस वाटत असेल तर गुंतवणूक लवादाकडे वळा.

चौथं कुलभूषण जाधव. भारताने ८ मे २०१७ रोजी अर्ज केला, १८ मेला फाशीला अंतरिम स्थगिती मिळाली आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. वाणिज्य दूतसंबंधांच्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम, म्हणजे अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या दूतांशी संपर्काचा हक्क देणारं कलम, पाकिस्तानने मोडलं. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. सुटकेची आणि शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही, आणि बातम्यांच्या गदारोळात हा भाग हरवला. भारताचे वकील, नागपूरचे हरीश साळवे, यांचा तोंडी युक्तिवाद आणि त्याला पाकिस्तानने दिलेलं उत्तर ही दोन्ही एकापाठोपाठ वाचा. उपाययोजना मागताना किती मागावं आणि कुठे थांबावं, हे त्यातून शिकायला मिळतं.

चारही वाचून झाल्यावर स्वतःला एकच विचारा: कथानक आवडलं की युक्तिवाद आवडला? उडी, मुक्तिसंग्राम, हेरगिरी यांत मन रमलं आणि अधिकारितेवरच्या परिच्छेदांपाशी झोप आली, तर इतिहास किंवा पत्रकारिता जवळची. त्यात कमीपणा काही नाही, आणि हे आत्ता कळलं तर कर्ज वाचतं.

दुसरी पायरी: त्या शाखेत पोट कसं भरतं ते बघा

कटू वाटेल, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहणारे वकील जगात मोजके आहेत आणि त्यातले बरेच मुळात प्राध्यापक. हेगचं स्वप्न जरूर बघा, पण भाकरी कुठून येणार हे वेगळं तपासा.

मुंबईत बसून आंतरराष्ट्रीय कायद्याचं खरं काम मिळतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, व्यापारी लवाद. मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन २०१६ पासून इथेच आहे. दुसरं, जहाजांचे खटले. अ‍ॅडमिरल्टी कायदा २०१७ साली नवा झाला, मुंबई उच्च न्यायालयात जहाज अडकवण्याचे अर्ज नेहमी चालतात आणि नौवहन महासंचालनालयही याच शहरात आहे. सागरी कायद्यासाठी माल्टातली आयएमएलआय ही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संस्था बघण्यासारखी आहे. तिथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, आणि हे आपल्याकडच्या फार कमी मुलींना माहीत असतं.

दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजनमध्ये विधी अधिकारी यूपीएससीमार्फत घेतात. जागा थोड्या, जाहिरात अधूनमधून. पण सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर २०१७ मध्ये निवडून गेलेल्या नीरू चढ्ढा याच विभागातून पुढे आल्या. दिल्लीतच १९५६ पासूनची आशियाई-आफ्रिकी विधी सल्लागार संघटना आहे आणि रेड क्रॉसचं प्रादेशिक कार्यालयही आहे. इंटर्नशिपसाठी दोन्हीकडे विचारणा करावी.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला पगार नसतो आणि जिनिव्हात खोलीचं भाडं अंगावर येतं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्या रोम संविधीत भारत सामील नाही, त्यामुळे तिथल्या भरतीत सदस्य देशांतल्या उमेदवारांचं पारडं जड राहतं. मानवाधिकार आणि निर्वासित क्षेत्रात सुरुवातीची काही वर्षं छोट्या मुदतीच्या करारांवर जातात. हे मान्य असेल तर खुशाल जा. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तिसरी पायरी: देशात की परदेशात

देशात राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं एक वर्षाचं एलएलएम आहे. त्यासाठी क्लॅटची पीजी परीक्षा, १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अलीकडच्या वर्षांत ती डिसेंबरच्या सुरुवातीला होते. दिल्लीच्या विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी द्यावी लागते. या परीक्षेत घटना, करार, फौजदारी, विधिमीमांसा असं सगळंच असतं, आंतरराष्ट्रीय कायदा त्यातला एक तुकडा. अमुक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचं स्पेशलायझेशन आहे एवढं वाचून हुरळू नका. तो विषय कोण शिकवतं, त्या व्यक्तीने गेल्या तीन-चार वर्षांत काय लिहिलंय, ते शोधा. काही ठिकाणी विषय माहितीपत्रकातच असतो आणि शिकवायला पाहुणे येतात.

याच विषयाला वाहून घेतलेली जागा हवी असेल तर दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी पाहा. सार्क देशांचं हे विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झालं आणि तिथल्या एलएलएमचा भर आंतरराष्ट्रीय कायद्यावर आहे. पुढे संशोधन करायचं असेल तर जेएनयूचं आंतरराष्ट्रीय विधी अध्ययन केंद्र. आर. पी. आनंद आणि बी. एस. चिमनी यांनी तिथे जे उभं केलं, त्याची दखल युरोपातल्या वर्गांतही घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कायदा वसाहतवादाच्या पोटातून कसा आला हे तिसऱ्या जगाच्या नजरेने मांडणारी ती परंपरा आहे. परदेशात जाणाऱ्यांनीही ती आधी वाचावी, नाहीतर ती तिथे जाऊन एखाद्या डच प्राध्यापकाकडून समजून घ्यावी लागते.

विषयाची चव घ्यायची असेल आणि पूर्ण एलएलएम करायचं नसेल तर इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. सोसायटी १९५९ची, इमारत सर्वोच्च न्यायालयाच्या समोर. डिप्लोमाला कायद्याची पदवी नसलेले पदवीधरही जातात.

परदेशात जायचं तर शाखेप्रमाणे नावं बदलतात. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी लायडन, केंब्रिज, जिनिव्हा ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट. युद्धाच्या कायद्यासाठी जिनिव्हा अकॅडमी. लवादासाठी जिनिव्हाचाच एमआयडीएस अभ्यासक्रम किंवा सिंगापूरचं एनयूएस. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाचं इंटरनॅशनल लीगल स्टडीजचं एलएलएम जुनं आणि भक्कम आहे. लंडनमधलं सोआस आशिया-आफ्रिकेच्या अंगाने शिकवतं.

ज्यांना पुढे भारतात शिकवायचं आहे त्यांनी इथे थांबून एक गोष्ट तपासावी. बार कौन्सिलने २०२० चे नियम जानेवारी २०२१ मध्ये राजपत्रात आणले. त्यांत एक वर्षाचं एलएलएम बंद करण्याची तरतूद होती, आणि परदेशी एक वर्षाच्या पदवीला भारतीय एलएलएमच्या थेट समकक्ष मानलेलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अंमलबजावणी लांबली. प्रवेश घेण्याआधी बार कौन्सिलची त्या दिवसाची भूमिका वाचा आणि ज्या विद्यापीठात शिकवायची इच्छा आहे तिथे लेखी विचारा. वकिलीच करायची असेल तर हा प्रश्न येत नाही, सनद एलएलबीवर मिळते.

चौथी पायरी: उलटं वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर तयारी आदल्या वर्षीच्या एप्रिलला सुरू करावी लागते. एप्रिल-मेमध्ये वर सांगितलेलं वाचन आणि शाखेचा निर्णय. जूनमध्ये विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज; सुट्टी, निकाल, सह्या यांत किती आठवडे जातील सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. बहुतेक चांगली विधी विद्यापीठं ७ ते ७.५ मागतात, काही ठिकाणी प्रत्येक भागात किमान गुणांची अट असते, आणि निकाल २ वर्षं चालतो. आपल्याकडची मुलं बोलण्यात पास होतात आणि लिहिण्यात अडकतात, म्हणून सराव लिहिण्याचा करा. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज उघडतो. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत केंब्रिज आणि अमेरिकेचे अर्ज, जानेवारीत ऑक्सफर्ड. नेदरलँड्समध्ये साधारण मार्च-एप्रिलपर्यंत मुदत असते, पण शिष्यवृत्तीची तारीख बहुधा त्याआधीची. अमेरिकेसाठी कागद एलएसॅक या संस्थेमार्फत जातात आणि त्यांना मूळ विद्यापीठाकडूनच बंद पाकीट किंवा ईमेल लागतो. हे शेवटच्या आठवड्यात होण्यासारखं काम नाही.

माझं स्पष्ट मत: एलएलबीनंतर थेट जाऊ नका. आधी सनद घ्या, ऑल इंडिया बार परीक्षा उरका, दोन वर्षं काम करा. चेव्हनिंगला २,८०० तासांचा अनुभव लागतो, अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला ३ वर्षांचा. शिवाय ज्याने एकदा तरी समन्स बजावण्यासाठी बेलिफाच्या मागे फिरून पाहिलंय त्याला आंतरराष्ट्रीय निवाड्याची अंमलबजावणी का अवघड असते हे लगेच समजतं.

पाचवी पायरी: कागद

मार्कांचा धसका अनेकांना असतो. राज्य विद्यापीठांत कायद्याला साठ टक्के मिळवणं किती कठीण असतं हे आपल्याला ठाऊक आहे, परदेशातल्या प्रवेश समितीला ठाऊक असेलच असं नाही. विद्यापीठात किंवा कॉलेजात क्रमांक आला असेल तर त्याचं पत्र घ्या. क्रमांक नसेल तरी त्या वर्षी वर्गात प्रथम श्रेणी किती जणांना मिळाली हे प्राचार्यांच्या पत्रात आलं तर मार्कांना संदर्भ मिळतो.

शिफारसपत्रं हा आपल्याकडचा सगळ्यात दुबळा दुवा. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." विद्यार्थी नेटवरून मजकूर उचलतो. निघतं काय, तर हुशार, मेहनती, नम्र, चांगल्या चारित्र्याचा. चारित्र्याचा दाखला नोकरीसाठी ठीक, इथे त्याचा उपयोग शून्य. समितीला हवं असतं ते हे: या मुलीने अमुक विषयावर काय लिहिलं, त्यात कोणता मुद्दा तिचा स्वतःचा होता, वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ती कुठे बसते. सरांना स्वतःच लिहायची विनंती करा आणि सोबत एक पान द्या: त्यांच्या विषयातला तुमचा प्रोजेक्ट, मूट कोर्टातली कामगिरी, कोणत्या चर्चेत काय मांडलं होतं, कोणत्या अभ्यासक्रमांना अर्ज करताय. मॅडम-सर व्यस्त असतात, पण समोर नेमकं पान आलं की चांगलं लिहितात. आणखी एक अडचण: बरीच विद्यापीठं पत्र संस्थेच्या ईमेलवरूनच स्वीकारतात आणि आपले कितीतरी प्राध्यापक साधा जीमेल वापरतात. कॉलेजचा ईमेल चालू आहे का हे ऑगस्टमध्येच विचारून घ्या. ज्येष्ठ वकिलांचं पत्र घेत असाल तर ज्यांनी तुमचा मसुदा खरोखर वाचलाय त्यांचं घ्या. मोठ्या नावाच्या दोन ओळींपेक्षा ज्युनिअर काउन्सेलचं एक तपशिलाचं पान भारी पडतं.

एसओपीत, म्हणजे हा अभ्यासक्रम का हवा हे सांगणाऱ्या निवेदनात, लहानपणापासून न्यायाची ओढ होती हे वाक्य नको. पहिल्या परिच्छेदातच प्रश्न आणा. उदाहरण देतो. पालघर-डहाणूकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि समुद्रात पाकिस्तानच्या ताब्यात सापडून वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात राहतात. भारत आणि पाकिस्तान दोघेही १९८२च्या समुद्रकायदा कराराचे सदस्य आहेत. त्या कराराचं ७३वं कलम सांगतं की अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या (प्रादेशिक समुद्रापलीकडचा, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा) मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, संबंधित देशांत वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. मग ही माणसं आत का? कच्छजवळच्या सर क्रीक खाडीतली दोन देशांची सीमा ठरलेली नाही म्हणून? परकीय नागरिक कायदा वापरला जातो म्हणून? की ती क्षेत्राबाहेर, प्रादेशिक समुद्रात पकडली जातात म्हणून? दोन्ही देश २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्या यादीला कायदेशीर वजन किती? असा एक प्रश्न, त्यासाठी अमुक अभ्यासक्रमातले अमुक दोन विषय का हवेत, आणि परतल्यावर त्याचं काय करणार, एवढ्यावर एसओपी उभी राहते. लेखनाचा नमुना मागितला असेल तर त्याच प्रश्नावर आठ-दहा पानं लिहा.

सहावी पायरी: पैसे

ढोबळ अंदाज असे. अमेरिकेतल्या नावाजलेल्या लॉ स्कूलची नुसती फी ७५ हजार डॉलरच्या वर, राहण्यासकट आकडा एक कोटीच्या आसपास. लंडनमध्ये सगळं मिळून पन्नास ते पासष्ट लाख. नेदरलँड्समध्ये फी २० हजार युरोंच्या वर, एकूण पस्तीस-चाळीस लाख धरा. देशात राहिलात तर यातल्या एका छोट्या हिश्श्यात भागतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांकडे इथे बाकी अनेक राज्यांपेक्षा जास्त दारं आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, शिवाय इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठी त्या त्या विभागांच्या योजना. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. (१९१३ साली आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या पैशावर आणि १९२० मध्ये लंडनला परतताना शाहू महाराजांची मदत होती. योजनांची नावं उगाच पडलेली नाहीत.) वय, उत्पन्न, मार्क, जागा यांच्या अटी शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ वापरू नका. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे अर्ज उघडायच्या आधी हातात असू द्या.

यात एक खाच आहे. या योजना बहुधा क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट घालतात. एकाच विषयाला वाहिलेल्या छोट्या संस्था, जशी माल्टाची आयएमएलआय किंवा जिनिव्हा ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट, त्या सर्वसाधारण यादीत नसतात. म्हणजे तुमच्या शाखेतली उत्तम जागा शिष्यवृत्तीत बसत नाही, असं होऊ शकतं. म्हणून यादीत क्रमवारीत बसणारं एखादं विद्यापीठ ठेवाच. दुसरं, पहिला हप्ता खात्यात यायला वेळ लागतो. व्हिसा, तिकीट, घराची अनामत आणि दोन महिन्यांचा खर्च यांची सोय वेगळी हवी.

मुंबईतल्या ट्रस्टकडे दुर्लक्ष होतं. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं. के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. इनलॅक्स शिष्यवृत्तीची रक्कम मोठी, स्पर्धाही तशीच. ऑक्सफर्ड किंवा सोआसला जाणाऱ्यांनी फेलिक्स शिष्यवृत्ती बघावी. चेव्हनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. लंडनमध्ये नोकरीची आशा असेल तर हे आधी लक्षात घ्या. ब्रिटनचा शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसाही जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी १८ महिन्यांवर येतो आहे. नेदरलँड्स नोकरी शोधायला एक वर्ष देतं.

बँकेचं कर्ज घ्यायचं तर साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, मात्र काही बँका निवडक विद्यापीठांसाठी विनातारण देतात. व्याजावर आयकरात सूट आहे, पण जुन्या करप्रणालीतच.

सातवी पायरी: ते एक वर्ष

एक वर्ष म्हणजे प्रत्यक्षात नऊ महिने वर्ग आणि प्रबंध. दर आठवड्याला दोनशे-तीनशे पानांचं वाचन असतं आणि ते वाचून आलात असं गृहीत धरूनच तास सुरू होतो. सगळं सारख्या लक्षाने वाचायला गेलात तर बुडाल. निकालपत्र वाचताना शेवटचा आदेश आधी वाचा, मग दोन्ही बाजूंच्या मागण्या, मग मधला तर्क, आणि वेळ उरला नाही तरी एक भिन्नमत, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशाचं मत, जरूर. परीक्षेत सगळ्यात चांगले प्रश्न भिन्नमतांतून येतात.

टीपा लिहा, पाच मुद्दे द्या, या वळणाचं उत्तर तिथे चालत नाही. काल्पनिक देशांचा वाद देतात आणि तुम्ही कोणती बाजू का घ्याल ते विचारतात. दोन्ही बाजू मांडून निर्णय वाचकावर सोडलात तर मार्क जातात. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय आलं तर त्याला चोरी म्हणतात, आणि त्यावरून वर्ष वाया जाऊ शकतं. एआय वापरण्याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, ते पहिल्याच आठवड्यात वाचा.

प्रबंधाचा विषय डिसेंबरपर्यंत पक्का करा आणि शक्य तितका अरुंद ठेवा. समुद्रकायदा आणि मानवाधिकार हा विषय नव्हे, ते कपाट आहे. ७३वं कलम आणि सर क्रीक, हा विषय. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा दारावर लावलेल्या असतात. आपली मुलं संकोचाने जात नाहीत आणि मेमध्ये शिफारसपत्र मागायला जातात, तेव्हा समोरच्याला चेहरा आठवत नाही.

फ्रेंच शिका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दोन अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेजचे वर्ग आहेत, जायच्या आधीच दोन पातळ्या करून टाका. उन्हाळ्यात हेग अकॅडमीचे अभ्यासक्रम असतात, तीन आठवडे सार्वजनिक आणि तीन आठवडे खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्यावर, पीस पॅलेसच्याच आवारात. शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतंत्रपणे करता येतो. ज्यांना आत्ता कुठेच जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या दृक्-श्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानं फुकट आहेत, आणि ती देणारे लोक तेच आहेत जे हेगला शिकवतात.

शेवटची: पदवी संपायच्या आधीचे अर्ज

पदवी हातात आल्यावर नोकरी शोधू असं म्हणणारे उशिरा जागे होतात. संयुक्त राष्ट्रांच्या इंटर्नशिपसाठी विद्यार्थी असणं किंवा पदवीनंतरचं एक वर्ष पूर्ण झालेलं नसणं आवश्यक असतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या ज्युडिशियल फेलोशिपमध्ये एका न्यायाधीशांसोबत जवळपास वर्षभर काम करता येतं, पण तिथे स्वतः अर्ज करता येत नाही. विद्यापीठाने नाव पाठवावं लागतं. पूर्वी खर्चही विद्यापीठानेच उचलायचा असे, त्यामुळे श्रीमंत पाश्चात्त्य विद्यापीठांचीच मुलं दिसत. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी निधी उभारायला मान्यता दिली, तेव्हापासून भारतातल्या विद्यापीठांनाही नाव पाठवणं परवडण्याजोगं झालं आहे. तुमचं विद्यापीठ नाव पाठवतं का, आतली निवड कोण करतं आणि त्याची अंतर्गत मुदत कधी संपते, हे पहिल्या सत्रातच, ऑक्टोबरमध्ये, लॉ स्कूलच्या कार्यालयात जाऊन विचारा. मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकत असलात तरी विचारा. तिथल्या कार्यालयाने हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल तर न्यायालयाच्या संकेतस्थळावरचं पान छापून सोबत न्या.